तिवरं करपली तेव्हा

परळच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या उर्मिलाबाईंना अळी ओळखता आली नाही, असं कुणी सांगितलं असतं तर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. अहो, ज्या बाईने दरवर्षी रंगीत खडूंनी फळा भरून काढला, पानावर अंडी, अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून पतंग, आणि शेवटचा बाण फिरवून पुन्हा अंड्याशी आणून ठेवला, ती बाई चुकेल कशी? पण चुकली. आणि नुसती चुकली असती तर मी हे सांगत बसले नसते. चुका काय, माणूस सकाळी उठल्यापासून करतच असतो. पुढे जे झालं ते चुकीपेक्षा वाईट होतं.

भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाडीच्या अंगाला त्यांची सोसायटी. नऊ वर्षांपूर्वी परळच्या दोन खोल्या विकून त्या आणि त्यांचे यजमान आत्माराम इथे सहाव्या मजल्यावर राहायला आले, ते निव्वळ स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी. खिडकीतून खाली बघावं तर तिवरांचं हिरवं रान थेट खाडीपर्यंत गेलेलं. खाऱ्या चिखलातली झाडं ती, भरती आली की कमरेएवढ्या पाण्यात उभी राहणारी. "चहा प्यायला इथे बसलं की परळ आठवत नाही," असं आत्माराम म्हणायचे. ते मुळात कमी बोलायचे, त्यामुळे हे वाक्य बाईंनी पाहुण्यांना सांगून सांगून जुनं केलं होतं.

सोसायटीच्या मागच्या भिंतीत एक लहानसं लोखंडी फाटक होतं. इमारत उभी राहायच्या कितीतरी आधीपासून मोरव्याच्या लोकांची खाडीवर जायची वाट तिथून होती, म्हणून बांधताना ते ठेवलेलं. आता त्या वाटेने जाणारा एकच माणूस उरला होता. लीलाधर. सत्तरीचा, काटक, गुडघ्यापर्यंत चिखल आणि डोक्याला गुंडाळलेला पंचा. खाडीच्या तोंडाशी त्याची छोटी होडी बांधलेली असायची. ओहोटीची वेळ बघून तो जायचा, चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, जाळी लावायचा, आणि त्या चिंबोऱ्या त्याची बायको चंद्रावती दिवसाआड सोसायटीच्या पुढच्या गेटपाशी पाटी घेऊन विकायची. आत्मारामांसाठी ती दोन मांसाने भरलेल्या चिंबोऱ्या बाजूला काढून ठेवायची, कुणी कितीही मागितल्या तरी द्यायची नाही. आत्मारामांना डेंग्यू झाला होता तेव्हा घरून चिंबोऱ्यांचं सार करून सहा मजले चढून आली होती, कारण लिफ्ट बंद होती. म्हणजे अगदीच परकी माणसं नव्हती ही. हे मुद्दाम सांगून ठेवते.

तर त्या वर्षी गणपती गेले, पितृपंधरवडा लागला आणि तिवरं करपायला लागली.

आधी एका बाजूला तपकिरी डाग दिसला. दोन दिवसांनी तो मोठा झाला. आठवडा उलटला तेव्हा निम्मं रान वणवा लागून गेल्यासारखं दिसत होतं, पण धूर नाही, राख नाही. खोटं कशाला बोला, बाईंचा जीव होता त्या झाडांवर. आणि त्यात आजूबाजूला काय कमी ऐकायला मिळत होतं? कुठे कुठे म्हणे रात्रीतून तिवरांच्या मुळाशी औषध ओततात, झाडं मारतात, मग भराव टाकतात, मग बिल्डरचा बोर्ड लागतो. ज्याला त्याला हे माहीत होतं. त्यामुळे त्या सकाळी लीलाधर निळा कॅन हातात घेऊन करपलेल्या झाडांत शिरताना खिडकीतून दिसला, आणि झाडाच्या बुंध्याशी वाकून त्याने कॅनमधलं काहीतरी ओतलं, तेव्हा बाईंनी दुसरा विचारच केला नाही. मोबाईल काढला, जमेल तितका झूम केला आणि दीड मिनिट व्हिडिओ घेतला.

"अहो, हा बघा काय करतोय!"

आत्मारामांनी चष्मा वर केला. "चिंबोऱ्या धरतोय."

"चिंबोऱ्या झाडाच्या मुळाशी ओतून धरतात?"

"मी कधी धरल्यात? खाली जाऊन विचार की त्याला."

विचारायला जायचं म्हणजे सहा मजले, मागचं आवार आणि पुढे चिखल. व्हिडिओ पाठवायला एक बोट पुरतं. बाईंनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आपल्या डोळ्यांदेखत तिवरांची कत्तल! आज गप्प बसलो तर उद्या श्वास घ्यायला हवा उरणार नाही.' निबंधाला दहापैकी नऊ मार्क देण्याजोगं वाक्य होतं. संध्याकाळपर्यंत ते शांती नगरपासून इंद्रलोकपर्यंतच्या सगळ्या वस्त्यांत फिरून आलं.

दुसऱ्या दिवशी लीलाधर परत आला तेव्हा फाटकापाशी पंचवीसतीस माणसं उभी होती. पुढे सेक्रेटरी जितेंद्रभाई. कपड्याचं दुकान आहे त्यांचं, माणूस तसा सरळ, पण सेक्रेटरी झाल्यापासून आवाज चढलेला. त्यांनी कॅन खाली ठेवायला लावला आणि झाकण उघडलं. असा काही भपकारा आला की मागची माणसं आणखी मागे सरली.

"केमिकल है! केमिकल!" जितेंद्रभाई नाकाला रुमाल लावून ओरडले.

जितेंद्रभाईंच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यांना काय कळणार? पण बाई तिथेच उभ्या होत्या. तो वास त्यांच्या नाकात शिरला आणि एक क्षणभर, अगदी क्षणभरच, त्यांना वाटलं, अरे, ही तर कुजकी माशांची डोकी. आमिष असेल चिंबोऱ्यांचं. मग कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "मॅडमनी पकडलं म्हणून, नाहीतर गेलंच होतं सगळं," आणि तो क्षण निघून गेला. या वासाबद्दल बाई कुणाशीही बोलल्या नाहीत. आत्मारामांशीसुद्धा नाही.

लीलाधर गोंधळला नव्हता, हे विशेष. त्याला वाटलं, शिकलेली माणसं आहेत, सांगितलं की कळेल. "आवो, मी कशाला मारू तिवर? तिवर हाय तर चिंबोरी हाय. किरा परलाय त्यावर. चार-पाच वर्सांनी परतो. पान खातो, मंग पाखरू व्हऊन उरून जातो. दिवालीपरयंत परत हिरवा व्हईल, बगा तुमी."

कुणीतरी खिदळलं. "किड्यांनी खाल्लं म्हणे एवढं जंगल!" मग सगळेच हसले. एकाने मोबाईल लीलाधरच्या तोंडाजवळ नेऊन "काका, एकदा और बोलो" असं म्हटलं, आणि त्या भोळ्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा हशा.

जितेंद्रभाई वळले. "मॅडम, आप तो सायन्स की टीचर हो. ऐसा हो सकता है क्या?"

हा प्रश्न बाईंना पुढे किती रात्री आठवला त्याची गणती नाही. चार पावलांवर झाड होतं. चप्पल काढून चिखलात उतरायचं, एक फांदी खाली ओढून बघायची, संपलं. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि एकतीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला 'बघून सांगते' म्हणायची सवयच नव्हती. त्या म्हणाल्या, "आठ दिवसांत? एवढं रान? पॉसिबलच नाही."

झालं. निकाल लागला. थोड्या वेळाने पोलिसांची गाडी आली, लीलाधरला घेऊन गेली. जबाब लिहून घेतला, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि सोडलं. पुरावा काहीच नव्हता, पण तो गावातून चालत घरी पोचायच्या आधीच व्हिडिओ तिथे पोचला होता. त्याच रात्री सोसायटीने ठराव केला आणि दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला येऊन मागचं फाटक कायमचं बंद करून गेला. चंद्रावतीची पाटी त्या दिवसापासून गेटवर दिसली नाही.

चौथा दिवस सर्वपित्रीचा होता. बाई गॅलरीत कपडे काढायला गेल्या तर आत्मारामांच्या बनियनवर एक काळपट अळी चालली होती, अंगावर बारीक रेघा. खालच्या मजल्यावरून किंचाळण्याचे आवाज येत होते, कुणी पेस्ट कंट्रोलला फोन करा म्हणत होतं. वाऱ्याने तोंड फिरवलं होतं आणि खाडीकडून धाग्यांना लोंबकळत शेकड्यांनी अळ्या इमारतीवर येत होत्या. बाई अळीला घाबरत नाहीत. सवयीने त्यांनी ती कागदावर घेतली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडली, तोंडाला फडकं बांधलं. तुळशीचं पान टाकलं. खाईना. कढीपत्ता टाकला, पालक टाकला. ढुंकून बघेना. अळी म्हणजे नुसतं पोट असतं, पण त्या पोटाचे नखरे ठरलेले असतात, ज्या झाडावर जन्मली त्याचंच पान लागतं, हे बाईंनी दरवर्षी सांगितलं होतं. त्या तशाच जिना उतरून मागे गेल्या. वेल्डिंग केलेल्या फाटकाच्या गजांतून हात घालून भिंतीकडे झुकलेली एक तिवराची डहाळी खेचली.

डहाळी हातात आली आणि बाई उभ्या जागी थिजल्या. पान पान पोखरलेलं. नुसत्या शिरा उरलेल्या, जाळी झालेली. प्रत्येक पानाला दोन-दोन, तीन-तीन अळ्या. आणि आवाज. वरून कधीच ऐकू न आलेला, बारीक, सतत, टिपटिप आवाज. पावसाचा नव्हे. हजारो अळ्यांची विष्ठा खालच्या वाळक्या पाचोळ्यावर पडत होती. झाडांवर बगळे, साळुंक्या, कावळे, सगळ्यांची पंगत बसलेली. थोडं पुढे पाण्यात मासे उड्या मारत होते, पडेल ती अळी गिळायला. सगळ्या जगाला कळलं होतं. एका विज्ञानाच्या बाईंना सोडून.

वर येऊन त्यांनी पान बरणीत टाकलं. अळी लगेच कडेला बसली आणि करवतीसारखी खायला लागली. आत्माराम मागे येऊन उभे राहिले. त्यांनी बरणीकडे पाहिलं, खिडकीतून रानाकडे पाहिलं, आणि बाईंकडे पाहिलं.

"मग? सांग ना ग्रुपवर."

"सांगते."

"आत्ता सांग."

"सांगते म्हटलं ना! नीट लिहायला नको का?"

बाईंनी लिहिलं. 'माझ्याकडून एक गैरसमज झाला.' पुसलं. 'नव्याने मिळालेल्या माहितीनुसार.' पुसलं. 'लीलाधर यांचं म्हणणं खरं होतं.' हे वाक्य बराच वेळ स्क्रीनवर राहिलं. त्याच्या वर ग्रुपमध्ये कुणीतरी लीलाधरचं "किरा परलाय" वालं बोलणं गाणं लावून टाकलं होतं आणि खाली हसऱ्या तोंडांची रांग होती. त्यांनी तेही वाक्य पुसलं. उद्या घटस्थापना, लोक सणाच्या गडबडीत, दोन दिवसांनी शांतपणे सांगू, असं त्यांनी ठरवलं. मनाला पटवायचं म्हटलं की कारणांना काय तोटा!

दोन दिवसांनी नवरात्राच्या मांडवात त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, 'पर्यावरणरक्षक' लिहिलेली पाटी. बाईंनी नको नको म्हटलं. सगळ्यांनी तो विनय समजला आणि टाळ्या जास्तच वाजल्या. खांद्यावर शाल पडली तेव्हा त्यांना इतका घाम आला की बाजूच्या बाईने पंखा त्यांच्याकडे वळवला. घरी येऊन त्यांनी शाल कपाटात सगळ्यात खाली, जुन्या चादरींच्या खाली घातली. आत्माराम जेवून घेत होते. मान वर न करता त्यांनी एवढंच म्हटलं, "मिळाली का?" बाईंना ते चार शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

इकडे बरणीतली अळी खायची थांबली. पान दुमडून, कडा रेशमाने शिवून आत बसली. बाईंना ठाऊक होतं आत काय चाललंय. बाहेरून वाटतं झोपलीय, मेलीय. पण आत सगळं विरघळतं, जुने पाय, जुना जबडा, सगळं, आणि त्याच लगद्यातून पंख घडतात. मुलांना हे सांगताना त्यांचा स्वतःचाच आवाज दरवर्षी भरून यायचा. आता भांडी घासताना त्या बरणीकडे पाठ करून उभ्या राहायच्या. रोज उठून ठरवायच्या, आज सांगायचं. आणि रोज एक दिवस वाढल्यामुळे सांगणं आणखी कठीण व्हायचं, कारण आता नुसतं 'चुकले' म्हणून भागणार नव्हतं. 'मग इतके दिवस काय करत होतात?' हा प्रश्न येणार होता.

आठवड्याने कोष फुटला. आखूड तपकिरी अंगाचा पतंग, वाळक्या पानासारखाच, पण पंख पसरले तेव्हा आतून झेंडूच्या रंगाचा पट्टा निघाला. बाईंनी खिडकीत नेऊन बरणी उघडली. तो उडाला. खालच्या रानातून त्याचे भाईबंद ढगांनी उठत होते. त्या संध्याकाळी गरब्याच्या मांडवात दिव्यांभोवती पतंगच पतंग. पोरी ओढण्यांनी त्यांना हाकलत होत्या, जितेंद्रभाई वैतागून "इतने पतंगे किधर से आए" म्हणत होते. बाई त्यांच्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसल्या होत्या. तोंड उघडायचा अवकाश होता. त्यांनी प्रसादाची वाटी हातात घेतली आणि प्रसाद खाल्ला.

दिवाळीला रान पुन्हा हिरवं झालं. आधी टोकांना पोपटी कोंब, मग बघता बघता सगळं. लीलाधरने सांगितलं होतं अगदी तस्सं, दिवस मोजून. आता तरी लोकांना कळेल, आपल्याला काही बोलावंच लागणार नाही, अशी बाईंना मनातून आशा होती. कसलं काय! पाडव्याच्या सकाळी जितेंद्रभाईंनी हिरव्या तिवरांचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'फाटक बंद किया, जहर बंद हुआ, जंगल वापस! थँक यू मॅडम!' दोनशे नमस्कार. झाडं हिरवी झाली हाच लीलाधरच्या गुन्ह्याचा पुरावा ठरला.

बाई फोन हातात धरून तशाच बसून राहिल्या. एका निरपराध म्हाताऱ्यावर आपण शिक्का मारला, तो पुसायची संधी रोज मिळत होती, आणि आता झाडांनीच येऊन तो शिक्का पक्का केला. आत्माराम चकली खात होते. "मीटिंग कधी आहे?" त्यांनी विचारलं. "रविवारी," बाई म्हणाल्या.

रविवारी बाई उभ्या राहिल्या. आवाज वर्गातला निघाला. तिवरावर पतंगाच्या अळ्यांची धाड येते, त्या पानं खाऊन टाकतात, झाड मरत नाही, पुन्हा फुटतं. लीलाधर खरं बोलत होते. मी चुकीचं सांगितलं, चूक सर्वस्वी माझी. फाटक उघडावं आणि सोसायटीने त्यांची माफी मागावी. इथपर्यंत सगळं बरोबर. मग मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, पण तुम्हाला हे कळलं कधी?" आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच. नवी पालवी बघून."

मग जितेंद्रभाई उठले, डोळ्यांत पाणी. "मॅडम का दिल देखो! इस उमर में गलती मानने के लिए कितनी हिम्मत लगती है!" आणि टाळ्या. पुन्हा टाळ्या! बाईंना वाटलं, आता या भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. फाटक उघडायचा ठराव मंजूर झाला, दुसऱ्याच दिवशी वेल्डिंग कापलं गेलं.

कापलं गेल्याचं बघून बाई मोरव्याला गेल्या. एकट्याच. आत्माराम येतो म्हणाले होते, त्यांनी नको म्हटलं. लीलाधरचं घर विचारत जावं लागलं, नऊ वर्षांत त्या इकडे कधी आल्याच नव्हत्या. ओट्यावर लीलाधर वाल सोलत बसला होता. चंद्रावतीने आतून बघितलं, ओळखलं, काही न बोलता खुर्ची आणून ठेवली आणि चहा टाकायला आत गेली.

बाईंनी माफी मागितली. हात जोडून. मग काय सांगावं ते न सुचून अळ्यांबद्दल सांगायला लागल्या, अंडी कोवळ्या पानांच्या मागच्या बाजूला असतात, अळीचे दिवस, कोषाचे दिवस. लीलाधर ऐकत होता. पुरतं ऐकून घेऊन म्हणाला, "ते आमाला म्हायत हाय, बाय."

"हो," बाई म्हणाल्या. "हो. तुम्ही सांगितलं होतं. दादा, आज फाटक उघडलं. तुम्ही उद्यापासून जा. कुणी अडवणार नाही, मी स्वतः उभी राहीन."

लीलाधरने वालाची एक शेंग फोडली. दाणे ताटात टाकले. "तुला कंदी समजलं?"

तोच प्रश्न. 'आत्ताच' हा शब्द तोंडाशी तयारच होता, एकदा वापरून झालेला, टाळ्या मिळवून आलेला. चंद्रावती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तीन कप आणले होते तिने. सहा मजले चढून आलेली ही बाई. उर्मिलाबाईंना तिच्याकडे बघवेना, आणि खोटंही बोलवेना.

"व्हिडिओ टाकल्यावर चौथ्या दिवशी," त्या म्हणाल्या. "सर्वपित्रीला."

चंद्रावतीने कप खाली ठेवले. मग बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करून ती हळूच म्हणाली, "होरी कोजागिरीला गेली."

"होडी? कुठे गेली?"

"इकली," लीलाधर म्हणाला. "फाटक बंद झाल्यावर लांबून चिखलातना जावं लागं. गुडघं न्हाय चालत आता. वसईचा मानूस येऊन गेलावता, त्याला मी पंधरा दिस थांबवला. म्हटलं, किरा उरंल, पाखरं झाली का लोकांना दिसंल. कोन ना कोन सांगंल." त्याने आणखी एक शेंग फोडली. "पाखरं उरून गेली. कोनी काय बोललं न्हाय. मंग तो मानूस परत आयला."

बाईंनी पदर तोंडाला लावला. रडायचासुद्धा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत होतं, पण रडू थांबेना. होडी परत घेता येईल का, आपण बोलून बघू का त्या माणसाशी, असं काहीबाही त्या म्हणाल्या. लीलाधरने नकारार्थी मान हलवली.

"तवाच का न्हाय सांगितलंस, बाय?" चंद्रावतीने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

"लाज वाटली," बाई म्हणाल्या. "एवढी वर्षं शिकवलं मी. लोक हसतील म्हणून."

लीलाधरने सोललेल्या वालांचं ताट बाजूला सारलं आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"मला सगले हसले व्हते," तो म्हणाला. "मी काय मेलू?"